तुकड्यांच्या जंगलात कोण उरतं? नैऋत्य ओरेगॉनमधल्या दोन कृंतकांचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात डोंगरउतारांवर डग्लस फर या उंच सूचिपर्णी झाडाची जुनी जंगलं होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ती झपाट्याने तोडली गेली. पद्धत ठरलेली होती. एक पट्टा निवडायचा, त्यातलं झाड अन् झाड पाडायचं, उरलेला काडीकचरा बऱ्याचदा जाळून टाकायचा आणि मोकळ्या जागेत डग्लस फरचीच रोपं लावायची. या लेखात मी तिला ‘सरसकट तोड’ म्हणतो. शेजारचा पट्टा काही वर्षं तसाच ठेवून पुढे कधीतरी त्याचा नंबर लावायचा. यात जमिनीच्या मालकीचीही भर पडली. १८६६ मध्ये रेल्वेमार्ग बांधण्याच्या मोबदल्यात एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे देण्यात आले होते. १९१६ मध्ये न विकलेली जमीन केंद्र सरकारने परत घेतली, पण बुद्धिबळाच्या पटासारखी झालेली मालकीची रचना आजही नकाशावर दिसते. एका चौकोनात सरकारी जुनं जंगल, लागून दुसऱ्यात खासगी तोड.

त्यामुळे जुन्या जंगलाची लहान-मोठी बेटं उरली. सभोवती समुद्र नव्हे, तर उघडी जमीन किंवा कोवळी लागवड. १९९० मध्ये या भागातलं ठिपकेदार घुबड संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली नोंदवलं गेलं आणि जंगलतोडीवरून देशभर वाद पेटला. सगळ्यांच्या नजरा फांद्यांवर होत्या. पण जंगलात नेमकं काय बदललंय हे जमिनीवरच्या वीसेक ग्रॅम वजनाच्या दोन कृंतकांनी, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांनी, जास्त बारकाईने दाखवलं, असं माझं मत आहे.

पहिला प्राणी म्हणजे कॅलिफोर्निया लालपाठी व्होल. व्होल हा उंदराचा नातेवाईक. बसकं नाक, केसांत दडलेले कान, आखूड शेपूट. कोलंबिया नदीच्या दक्षिणेचा पश्चिम ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाचा वायव्य भाग, एवढंच त्याचं जग. दुसरा डिअर माऊस. टपोरे डोळे, मोठे कान, लांब दुरंगी शेपूट. हा उत्तर अमेरिकेत जवळपास सगळीकडे आढळतो. गवताळ माळ, रुक्ष डोंगर, घनदाट जंगल, कशाशीही त्याचं वैर नाही. बिया, किडे, फळं, बुरशी, जे मिळेल ते तो खातो. व्होलचं तसं नाही. त्याच्या आहाराचा मोठा हिस्सा ट्रफलचा असतो, म्हणजे जमिनीखालीच वाढणाऱ्या आणि कधीच वर न येणाऱ्या बुरशीच्या फळांचा.

जंगल तुटलं की या दोघांचं काय होतं, हा प्रश्न घेऊन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधक एल. स्कॉट मिल्स यांनी उरलेल्या तुकड्यांत, भोवतालच्या तोडीत आणि तुलनेसाठी सलग जंगलात जिवंत पकडणारे सापळे लावले. प्राणी पकडायचा, खूण करून सोडायचा, पुन्हा सापडतो का ते पाहायचं. अशा कामात सापळ्यांची जाळी जंगलाच्या कडेपासून आतपर्यंत नेली तर एक गोष्ट आपोआप दिसते. प्राणी ‘जंगलात’ आहे की नाही एवढंच न कळता, कडेपासून किती आत आहे हेही कळतं.

व्होल सरसकट तोडीत जवळजवळ सापडलेच नाहीत. ही गोष्ट अपेक्षित होती. जास्त महत्त्वाचं निरीक्षण तुकड्याच्या आतलं होतं. जुनी झाडं उभी असूनही कडेला व्होल कमी होते, गाभ्यात जास्त. झाडं तीच, सावली वरवर तीच, आणि तरीही प्राण्याच्या लेखी ती जागा अर्धवटच जंगल होती. उलट डिअर माऊस तोडीत आणि कडेला फोफावत होते. एकाच तुकड्याचे दोन नकाशे तयार झाले, आणि ते एकमेकांच्या उलटे होते.

अधिवास निवडीबद्दल, म्हणजे प्राणी राहायची जागा कशी निवडतो याबद्दल, बोलताना संशोधक डग्लस जॉन्सन यांनी १९८० मध्ये मांडलेल्या चार पातळ्या मला फार उपयोगी वाटतात. जातीचा भौगोलिक विस्तार ही पहिली, एका प्राण्याचा वावराचा प्रदेश दुसरी, त्या प्रदेशातल्या विशिष्ट जागा तिसरी आणि प्रत्यक्ष खाल्लेला घास चौथी. व्होलच्या बाबतीत पहिल्या पातळीवर तर्क करायला फारसं काही नाही. दुसरी पातळी सापळ्यांनी दाखवली: तोड नको, कड नको, गाभा हवा. पण याचं कारण सापळा सांगत नाही. त्यासाठी तिसऱ्या पातळीवर उतरावं लागतं, आणि या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा आकडा तिथेच मिळतो.

डेव्हिड टॅल्मन आणि मिल्स यांनी एका तुकड्यातल्या चार व्होलना रेडिओ कॉलर लावून त्यांची ठिकाणं नोंदवली. त्यांच्या वावराच्या प्रदेशात पडलेल्या ओंडक्यांनी व्यापलेली जमीन होती फक्त ७ टक्के. प्राण्यांच्या नोंदी मात्र ९८ टक्के वेळा ओंडक्यांवरच जुळल्या. पसंतीच्या हिशोबात हे गुणोत्तर १४ पट येतं, आणि उरलेल्या ९३ टक्के जमिनीवर केवळ २ टक्के नोंदी. नमुना लहान होता, चार प्राणी आणि एकच तुकडा, हे विसरून चालणार नाही. पण फरक इतका मोठा आहे की तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. शिवाय व्होलचा कल ताज्या पडलेल्या झाडांपेक्षा चांगल्या कुजलेल्या ओंडक्यांकडे होता.

म्हणजे आपण ज्याला ‘जुन्या जंगलातला प्राणी’ म्हणतो, तो खरं तर जुन्या जंगलातल्या कुजत्या लाकडाचा प्राणी आहे. उभं झाड त्याला थेट फारसं काही देत नाही. ते पडून, काही दशकं कुजून, मऊ होऊन, जमिनीत निम्मं रुतलं की मग ते त्याच्या उपयोगाला येतं.

ओंडकाच का, याची कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. कुजलेलं लाकूड पाणी धरून ठेवतं, आणि भोवतालची माती सुकली तरी त्याच्या पोटात ओल राहते. याच गटातल्या दुसऱ्या एका लालपाठी व्होलवर झालेल्या अभ्यासांतून हे प्राणी पाण्याच्या बाबतीत नाजूक असतात, त्यांची पाण्याची गरज मोठी असते, असं दिसलेलं आहे. ओंडक्याखाली भक्षकापासून आडोसाही मिळतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खाणं. डग्लस फरची बारीक मुळं कुजलेल्या लाकडात शिरतात, त्या मुळांवर सहजीवी बुरशी वाढते आणि त्या बुरशीची फळं म्हणजेच ट्रफल. नैऋत्य ओरेगॉनमध्येच झालेल्या शोधांत उरलेल्या तुकड्यांत ट्रफल मिळाले, ताज्या तोडीत मिळाले नाहीत. दहा वर्षांहून जुन्या लागवडीतही ते शेजारच्या जुन्या तुकड्यांपेक्षा कमीच होते, जरी तिथे यजमान झाडांची मुळं पुन्हा जमिनीत उतरलेली होती. जुन्या तुकड्यांच्या आत त्यांचं नातं पुन्हा कुजलेल्या ओंडक्यांशी दिसलं.

कारणांची साखळी अशी लागते. सरसकट तोडीत यजमान झाडं गेली की त्यांच्या मुळांवर जगणारी बुरशी उपाशी पडते. जमीन उघडी पडते, तापते, जाळणीत उरलंसुरलं कुजकं लाकूडही संपतं. तुकड्याच्या कडेला झाडं उभी असली तरी बाजूने ऊन आणि वारा आत शिरतो. डग्लस फरच्या जुन्या जंगलांत कडेचा हा प्रभाव मोजला गेला आहे, आणि आर्द्रता, वारा यांसारख्या घटकांत तो २४० मीटर किंवा त्याहून आतपर्यंत जाणवू शकतो. व्होल कडेला नसण्यामागे त्याने कड ‘ओळखून’ नाकारली असं मानायची गरज नाही. जिथे ओल आणि ट्रफल कमी, तिथे तो कमी. मात्र या साखळीतल्या कोणत्या कडीचं वजन किती, हे केवळ आढळावरून वेगळं काढता येत नाही. त्यासाठी प्रयोगच हवा: काही ठिकाणी कुजके ओंडके आणून टाकायचे, काही ठिकाणचे उचलायचे आणि मग पाहायचं.

आता दुसऱ्या प्राण्याकडे. डिअर माऊसची कडेला वाढलेली संख्या ही एरवी कुणाला चिंतेची बाब वाटली नसती. वनखात्याच्या जुन्या लोकांना तो ओळखीचा होता, कारण तोडीनंतर विमानातून पेरलेलं डग्लस फरचं बी तो फस्त करायचा. त्यावर उपाय म्हणून एके काळी बियांना विषाचा लेप देण्यापर्यंत मजल गेली होती. पण जुन्या जंगलाच्या आत त्याने काय केलं हे कळलं ते एका फुलझाडामुळे.

ट्रिलियम हे या जंगलाच्या जमिनीवरचं झुडपाएवढंही नसलेलं, नाजूक दिसणारं पण चिवट झाड. तीन पानं, तीन पाकळ्यांचं पांढरं फूल, जे जुनं होताना गुलाबी होत जातं. बीपासून पहिलं फूल यायला त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो आणि त्यानंतर ते कित्येक दशकं जगतं. त्याच्या बीला एक तेलकट गोळा चिकटलेला असतो. मुंग्या त्यासाठी बी उचलून नेतात आणि मुख्यतः असाच त्याचा प्रसार होतो. जमिनीखालच्या खोडावर वर्षागणिक खुणा उमटतात, त्या मोजून वय काढता येतं. संशोधक एरिक ज्यूल्स यांनी याच भागातल्या सिस्कियू पर्वतांत हेच केलं, आणि तुकड्यांच्या कडेपासून सुमारे ६५ मीटरच्या पट्ट्यात त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. शेजारची तोड होण्याआधी उगवलेली झाडं तिथे होती. तोडीनंतर जन्मलेली जवळजवळ नव्हती. गाभ्यात मात्र सगळ्या वयाची झाडं होती.

पाहणाऱ्याला कडेचं जंगल निरोगीच दिसलं असतं. वसंतात फुलं येत होती, झाडं जिवंत होती. फक्त नवी पिढी नव्हती. इतक्या दीर्घायुषी वनस्पतीच्या बाबतीत हा तुटवडा नुसत्या नजरेला दिसायला आणखी काही दशकं गेली असती, आणि मला या प्रकरणातली ही सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते.

ज्यूल्स आणि बेव्हर्ली रॅथके यांनी कारण शोधलं तेव्हा दोन गोष्टी हाती लागल्या: कडेच्या झाडांना बिया कमी धरत होत्या, आणि ज्या धरत होत्या त्या कृंतक जास्त प्रमाणात खात होते. २००३ मध्ये टॅल्मन, ज्यूल्स, मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांची गणती आणि ट्रिलियमच्या लोकसंख्येची गणितं एकत्र आणली. तोडीमुळे डिअर माऊस वाढले, त्यामुळे बियांचा फडशा वाढला आणि ट्रिलियमची वाढ मंदावली, अशी साखळी त्यांनी जोडून दाखवली. म्हणजे ज्या प्राण्याला बदललेलं जंगल ‘मानवलं’, त्याच्याच मार्फत बदल अजून न तोडलेल्या जंगलात शिरला.

इथे डिअर माऊसला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण योग्य नाही. तोही ट्रफल खातो आणि तोडीत मुक्तपणे ये-जा करतो. बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिची सूक्ष्म बीजं, त्याच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात. ओरेगॉनच्या सूचिपर्णी जंगलांत लहान सस्तन प्राणी, ट्रफल आणि झाडांची मुळं यांचं तिहेरी नातं ख्रिस मेझर, जेम्स ट्रॅप आणि रोनाल्ड नुसबाउम यांनी १९७८ मध्येच मांडलं होतं. व्होल तोडीत सहसा पाऊल टाकत नाही. मग उघड्या जमिनीवर नव्या रोपांच्या मुळांपर्यंत बीजाणू पोहोचवण्याचं काम जे प्राणी तिथे जातात त्यांनाच करावं लागतं, आणि त्यांत डिअर माऊस आहे.

या प्रकरणातून अधिवासाच्या दर्जाबद्दल घाईने निष्कर्ष काढू नये, हेही सांगायला हवं. सापळ्यात जास्त प्राणी आले म्हणजे जागा चांगली, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. बिएट्रिस व्हॅन हॉर्न यांनी आग्नेय अलास्कातल्या डिअर माऊसवर काम करून १९८३ मध्ये याच समजाला धक्का दिला. उत्तम जागा ताकदवान प्रौढ धरून बसतात, कोवळे आणि दुबळे बाहेर ढकलले जातात आणि दुय्यम जागेत त्यांची दाटी होते. स्टीफन फ्रेटवेल आणि हेन्री लुकास यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या प्रारूपांपैकी एकात नेमकी हीच शक्यता आहे: निवड मुक्त नसते, मालकी असते. संख्या घनता सांगते; दर्जा सांगायला त्या जागी किती प्राणी जगले, किती माद्यांना पिल्लं झाली, किती प्रौढ टिकून राहिले हे लागतं. व्होलच्या बाबतीतही एक धोका आहे. शेजारचं जंगल नुकतंच तुटलेलं असेल तर विस्थापित प्राणी उरलेल्या तुकड्यात गर्दी करू शकतात. त्या वर्षी सापळे लावणारा माणूस तुकडा उत्तम आहे असं लिहून मोकळा होईल.

सापळ्याचीही स्वतःची मर्यादा असते. डिअर माऊस संख्येने भरपूर असले तर संध्याकाळीच बहुतेक सापळे तेच भरून टाकतात आणि नंतर येणाऱ्या व्होलला रिकामा सापळाच मिळत नाही. मग कागदावर व्होल ‘नाही’ अशी नोंद होते. प्रत्येक ठिकाणी एकाऐवजी दोन सापळे ठेवणं, रिकाम्या सापळ्यांचा हिशोब ठेवणं आणि सापडण्याची शक्यता वेगळी मोजणं, एवढं केलं तरच दोन जातींचे आकडे शेजारी ठेवता येतात.

आता जमिनीच्या हिशोबाकडे येऊ. ट्रिलियमसाठी आढळलेली ६५ मीटरची कड गृहीत धरली तर २०० मीटर बाजूच्या चौरस तुकड्यात, म्हणजे ४ हेक्टरमध्ये, गाभा उरतो ७० मीटर बाजूचा. अर्धा हेक्टरही नाही, १२ टक्के फक्त. १ हेक्टरच्या चौरस तुकड्यात गाभा शून्य. १६ हेक्टरचा तुकडा घेतला तरी निम्म्याहून अधिक भाग कडच ठरतो. नकाशावर मात्र हे सगळं ‘जुनं जंगल’ याच रंगात रंगवलेलं असतं. क्षेत्रफळाच्या बेरजेवर समाधान मानणाऱ्या प्रत्येक आराखड्याने हा साधा गुणाकार करून पाहावा असं मला मनापासून वाटतं.

१९९४ मध्ये वायव्य वन आराखडा लागू झाला आणि सरकारी जमिनींवर ओंडक्यांबाबत नियम आले. ही मोठी सुधारणा होती, कारण त्याआधी पडलेलं लाकूड म्हणजे नासाडी किंवा आगीचं इंधन समजलं जायचं. नैऋत्य ओरेगॉनसाठी त्यातला नियम असा होता: तोडीच्या जागी दर एकरी सगळ्यांची मिळून किमान १२० फूट लांबी भरेल इतके ओंडके सोडायचे, प्रत्येकाचा व्यास किमान १६ इंच आणि लांबी किमान १६ फूट. कुजण्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीचे, म्हणजे अजून घट्ट असलेले ओंडके या मोजणीत धरता येत. आधीपासून पडलेलं कुजकं लाकूड शक्य तितकं जपावं असंही त्यात होतं.

हे किमान माप जमिनीवर पसरून पाहिलं तर १२० फूट लांब आणि १६ इंच रुंद, म्हणजे १६० चौरस फूट. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. ओंडक्यांचं आच्छादन होतं सुमारे ०.४ टक्के. ज्या चार व्होलचा माग काढला गेला, त्यांच्या प्रदेशात ते ७ टक्के होतं. या ७ टक्क्यांना गरजेचं किमान प्रमाण मानता येणार नाही, कारण ती फक्त त्या ठिकाणची उपलब्धता होती, आणि जुन्या जंगलातले ओंडके १६ इंचांहून पुष्कळ जाडही असतात. तरी दोन आकड्यांमधलं अंतर विचार करायला लावतं. त्याहून मोठी अडचण काळाची आहे. नियम घट्ट ओंडका मोजतो, व्होल कुजका शोधतो. डग्लस फरचा मोठा ओंडका पूर्ण कुजायला शंभराहून अधिक वर्षं लागतात, तर लाकूड कंपन्यांच्या लागवडीतली झाडं साधारण ४० ते ५० वर्षांत पुन्हा तोडली जातात. त्या चक्रात जाड ओंडका तयारच होत नाही. मागच्या जंगलाकडून वारशाने आलेला कुजका ओंडका यंत्राच्या पट्ट्याखाली एकदा चिरडला गेला, की त्याच्या जागी दुसरा येण्याची वाट नाही.

म्हणून माझ्या दृष्टीने अशा जागी पहिलं काम नवे ओंडके मोजण्याचं नाही, जुने वाचवण्याचं आहे. तोडीत काही झाडं उभी ठेवायचीच असतील तर ती सुटी-सुटी विखरून न ठेवता कुजक्या ओंडक्यांच्या सभोवती घोळक्याने ठेवावीत, म्हणजे सावली, यजमान मुळं आणि ओल एकाच ठिकाणी टिकतील. लाकूड ओढायचे मार्ग ठरवताना असे ओंडके आधी खुणा करून नकाशावर घ्यावेत. जाळणी करायचीच असेल तर ती लाकूड आतून ओलं असताना करावी. आणि तुकड्यात पाहणी करताना प्रत्येक सापळ्याच्या नोंदीत जातीच्या नावाबरोबर आणखी दोन रकाने ठेवावेत: कडेपासूनचं अंतर, आणि सर्वांत जवळच्या ओंडक्याची कुजण्याची श्रेणी.